रस्त्यावरच्या पोट्ट्यांसाठी झालेला ऑनलाइन गाण्यांचा कार्यक्रम : ऐकाच, पैसेही द्या, पण आयोजकांनी गावाकडेही पाहावं

आधी सरळ सांगते, कार्यक्रम पाहण्यासारखा आहे. रेकॉर्डिंग अजून यूट्यूबवर आहे, वेळ काढून पाहा आणि जमत असेल तर शंभर-दोनशे रुपये द्या. मुंबईतली एक संस्था फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनवर राहणाऱ्या पोरांसाठी काम करते, तिच्या मदतीसाठी बऱ्याच गायक-वादकांनी मानधन न घेता आपापल्या ठिकाणाहून गायलं, कोणी लाइव्ह तर कोणी आधी रेकॉर्ड करून पाठवलं, आणि शनिवारी रात्री साडेतीन तास एकामागून एक हे चाललं. पाहायला तिकीट नव्हतं, द्यायचं असेल तेवढं द्या असं होतं. मी चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे, बचत गटातल्या बायका आणि त्यांचे घरचे असे आम्ही सगळे मिळून एकीच्या घरी टीव्हीला मोबाईल जोडून बसलो होतो, त्यामुळे इथे जे लिहून राहिली आहे त्यात सगळ्यांचंच म्हणणं आलं आहे.

आमच्या भागातल्या लोकांना कमी समजू नका बरं का. ही झाडीपट्टी आहे, म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा आणि नाटकांचा मुलूख, दिवाळी झाली, धान निघालं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव येतात, रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक चालते, तिकीट काढून लोक थंडीत बसतात, पाहुणे खास नाटकासाठी मुक्कामाला येतात. गाणं बेसूर झालं की मागून आवाज येतो, ऑर्गनवाला चुकला तर म्हातारे लोक दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याचं नाव काढतात. असे कान असलेली माणसं साडेतीन तास जागेवरून उठली नाहीत, यातच गाण्याचं काय ते कळते.

सुरुवात मात्र जड झाली. पहिला अर्धा तास जवळपास भाषणंच, संस्थेचे विश्वस्त, मग कंपनीचे कोणी साहेब, मग आणखी एक, आणि सगळं इंग्रजी-हिंदीत. आमच्याकडे दोन पोरं तर गाणं कधी लागते विचारून विचारून झोपून गेली. गाण्याचा कार्यक्रम आहे तर गाण्यानेच सुरू करा, माणूस एकदा बसला की मग तुम्ही काय सांगता ते ऐकतो.

पण पहिला अभंग लागला आणि घर शांत झालं. गाणाऱ्या बाई स्वतःच्या घरात खुर्चीवर बसून गात होत्या, मागे फक्त तानपुरा आणि टाळ, आवाज एकदम खुला, कुठे चमकवायचा प्रयत्न नाही. नंतर सारंगी झाली, पंधरा-एक मिनिटांची, मला वाटलं आपल्याकडच्या बायका कंटाळतील पण उलट झालं, शेजारच्या आजी डोळे मिटून ऐकत होत्या. कव्वालीवाल्यांचं लाइव्ह होतं आणि तिथे नेट मार खात होतं, टाळी आधी दिसे आणि आवाज मागून येई. हे आयोजकांच्या हातचं होतं, ज्यांच्यात सात-आठ जण एकत्र गातात त्यांचं तरी आधी रेकॉर्ड करून घ्यायला पाहिजे होतं. आपल्याकडे टॉवर कमी पकडतो तिथे एक करा, चित्र 240 वर ठेवा, अंधुक दिसेल पण आवाज तुटणार नाही, आणि अशा कार्यक्रमात आवाजच महत्त्वाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. साधारण मधल्या तासात एक वाद्यवृंद येतो, त्याच संस्थेत लहानाची मोठी झालेली पोरं, आता सगळी अठराच्या वरची. वाद्यं काय, तर प्लास्टिकचे ड्रम, तेलाचे पत्र्याचे पिपे, स्टीलच्या थाळ्या, एक खंजिरी आणि एक जुनी ढोलकी. सुरुवात केरव्याने केली, साधा ठेका, मग एकेक जण भर घालत गेला, मग सगळे एकदम दुगुनीत गेले आणि परत समेवर आले ते असे आले की घरातले सगळेच ओरडले. आजी म्हणाल्या, "या पोट्ट्याले आपल्या दंडारीत घ्या जी, रातभर वाजवन." दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. पिप्यातून इतके वेगवेगळे आवाज निघतात हे मी कधी ऐकलं नव्हतं, मधे मारला तर घुमतो, कडेला मारला तर टणक, हाताने दाबून मारला तर एकदम बंद आवाज, आणि त्या पोरांनी हे सगळं वापरलं. मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांना कोणी बिचारे म्हणून समोर आणलं नाही. वाजवून झालं, मग त्यातला एक जण थोडक्यात बोलला, लहान असताना रेल्वेत बसून आला, काही वर्षं स्टेशनवर राहिला, मग संस्थेच्या रात्रनिवाऱ्यात आला, आता तबला शिकवतो. कुठल्या गावचा, घरी कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि निवेदिकेने विचारलंही नाही. याला समज म्हणतात.

त्यानंतर तीन मुलींचं रॅप होतं, पाणी कुठून भरतो, आंघोळ कुठे करतो, शाळेच्या फॉर्मवर पत्ता काय लिहायचा, या सगळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं. रॅप आमच्याकडच्या मोठ्या माणसांना समजेल असं वाटलं नव्हतं, पण शब्द स्वच्छ होते, अर्ध मराठी अर्ध हिंदी, सगळ्यांना कळलं. पत्त्याचं कडवं आलं तेव्हा माझ्या मनात आलं की आमच्या अंगणवाडीत परगावच्या मजुरांची लेकरं येतात तेव्हा हाच रकाना अडतो. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा सुटलेल्या पोराला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं, तरी शाळेच्या दारात लोक अडवतातच. संस्थेच्या एका ताईंनी हे मध्ये दहा मिनिटांत फार चांगलं सांगितलं. रस्त्यावरचं पोर म्हणजे घर सोडून पळालेलंच असते असं नाही, काही पोरं एकटी राहतात, काही दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री घरी जातात, आणि काहींचं अख्खं कुटुंबच फुटपाथवर राहते, तिघांची गरज वेगळी. पहिल्याला आसरा पाहिजे, दुसऱ्याला शाळा आणि मायबापाला रोजगार पाहिजे, तिसऱ्याला आधी आधार कार्ड, रेशन कार्ड पाहिजे. नशेचंही बोलल्या, पोरं सोल्युशन, म्हणजे पंक्चर चिकटवायचा गोंद, हुंगतात ते भूक आणि थंडी विसरायला, त्यांना मारून ते सुटत नाही, महिने लागतात. हा भाग वेगळा कापून मराठी अक्षरांसकट टाकला तर मी आमच्या बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत दाखवीन.

लेकरांचे चेहरे दाखवायच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी चांगली काळजी घेतली होती. लहान पोरं पाठमोरी, नुसते हात, नुसते पाय, चित्र काढणारी बोटं, असं. हे नुसतं चांगुलपणाचं नाही, 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापायला-दाखवायला मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण एका कंपनीच्या साहेबांनी भाषणात आपला जुना व्हिडिओ लावला, त्यात सात-आठ वर्षांच्या मुलीचा पूर्ण चेहरा, नाव आणि कुठल्या जिल्ह्यातून आली तेही. कमेंटमध्ये लोकांनी लगेच लिहिलं, मीही लिहिलं. आता रेकॉर्डिंगमध्ये तो भाग काढलेला दिसते, हे बरोबर केलं. पुढच्या वेळी बाहेरच्या पाहुण्यांचे व्हिडिओही आधी तपासून घ्या. ते लेकरू उद्या मोठं होईल, कॉलेजात जाईल, तिथे कोणी हा व्हिडिओ काढून दाखवला तर?

आता जे मनापासून सांगायचंय ते सांगते. अख्ख्या कार्यक्रमात बोलणारे असं बोलत होते की जशी ही पोरं मुंबईतच उगवतात आणि ऐकणारा पण मुंबई-पुण्यातच बसला आहे. पोरं येतात कुठून? आमच्यासारख्या गावांतूनच येतात ना. आमच्या भागातून धान निघालं की माणसं मिरची तोडायला तेलंगणा-आंध्रात जातात, गाड्या भरभरून. काही जण लेकरं सोबत नेतात, मग शाळा सुटते ती सुटतेच. काही जण म्हाताऱ्या आजीजवळ ठेवून जातात, आणि तेरा-चौदा वर्षांचं पोट्टं आजीला ऐकते का? बाप दारू पिऊन मारतो, पोट्टं रागात निघते, नागभीडला नाहीतर मूल गावाला गाडीत बसते, बल्लारशाला उतरते, तिथून दिल्लीची गाडी पण मिळते आणि चेन्नईची पण. मग ते कुठे पोचलं हे मायबापाला मिरचीहून आल्यावर कळते. त्या साडेतीन तासांत यावर एक वाक्य पाहिजे होतं की नाही?

आणि करता येण्यासारखं गावात खूप आहे, तेच सांगायचं राहून गेलं. 1098 हा लेकरांच्या मदतीचा फोन नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असते, 1996 मध्ये मुंबईतच सुरू झाला होता, आता सरकार चालवते आणि 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरशी जोडला आहे. हा नंबर कार्यक्रमात फक्त शेवटी नावांच्या पट्टीत बारीक अक्षरात आला, मी शोधत होती म्हणून दिसला. तो कोपऱ्यात साडेतीन तास ठेवता आला असता, प्रायोजकाचं चिन्ह ठेवलंच होतं की. कोणी लेकरू एकटं भटकताना दिसलं, कोणाच्या घरी राबवून घेताना दिसलं, हरवलं, की यावर फोन करायचा, फोन करणाऱ्याला नाव सांगायची जबरदस्ती नाही. पोराला 24 तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावं लागते, कोणालाही परस्पर घरी ठेवून घेता येत नाही, चांगल्या मनाने ठेवलं तरी नाही. रेल्वेत असेल तर आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, लोक बघतात, त्यांची 2018 पासून नन्हे फरिश्ते म्हणून मोहीमच आहे, स्टेशनवर एकटं दिसलेलं लेकरू ताब्यात घेऊन समितीकडे पोचवतात.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते हे किती जणांना माहीत आहे? सरपंच अध्यक्ष, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शाळेचे गुरुजी असे त्यात असतात. कागदावर सगळीकडे आहे. बैठक जिथे खरंच होते तिथे मिरचीला कोण चाललं, कोणाचं लेकरू मागे राहून राहिलं, याची यादी करता येते. एकच पालक उरला असेल, मायबाप दोन्ही नसतील, बाप जेलमध्ये असेल, अशा लेकरांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपये मिळतात, पोर आजीजवळ-काकूजवळ घरीच राहते. अर्ज महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात जातो, कागदं जमवायला त्रास आहे पण होते. पोर घरातून निघायच्या आधी हे झालं तर मुंबईच्या संस्थेला त्याला प्लॅटफॉर्मवर शोधावंच लागणार नाही. संस्थेच्या ताईंना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्यांच्याच बोलण्यात एकदा आलं की पोराला घरी परत नेतात तेव्हा सगळ्यात अवघड काम गावातच असते. मग त्या गावाशी बोला ना थोडं.

पैशाचं आता. स्क्रीनवर क्यूआर येत होता, पण जो माणूस मोबाईलवरच कार्यक्रम पाहून राहिला तो आपल्याच स्क्रीनचा क्यूआर कसा स्कॅन करणार? स्क्रीनशॉट काढून फोनपेमध्ये गॅलरीतून उचलावा लागते, हे कोणी सांगितलं नाही, आमच्याकडे एका कॉलेजच्या पोराने सगळ्यांना करून दिलं. वेबसाइटवर बटणं होती 500, 1000, 5000 अशी, आपल्या मनाची रक्कम टाकायची जागा पार खाली. बचत गटातल्या बाईला पन्नास रुपये द्यायचे असतील तर तिने 500 पाहूनच मोबाईल ठेवून दिला असता. पन्नासचं बटण सगळ्यात वर ठेवा, पन्नास देणारे हजारो निघतील.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, यूट्यूबच्या सुपर चॅटमधून, म्हणजे लाइव्हमध्ये कमेंटसोबत पैसे टाकतात त्यातून, पैसे देऊ नका. त्यातले साधारण 30 टक्के यूट्यूब ठेवून घेते, नाव स्क्रीनवर चमकते एवढंच. यूपीआयने थेट दिले तर पूर्ण पोचतात. आणि पैसे टाकायच्या आधी समोर नाव काय येते ते वाचा, ट्रस्टचं नाव पाहिजे, कोण्या माणसाचं दिसलं तर थांबा. लाइव्ह चालू असताना कमेंटमध्ये दुसरेच लोक आपला क्यूआर टाकत होते, हाच कार्यक्रम चोरून दुसऱ्या चॅनलवर पण दाखवणं चालू होतं. आयोजकांनी कमेंटवर एक माणूस बसवायला पाहिजे होता.

पावती लगेच ईमेलवर आली, त्यावर ट्रस्टचा नोंदणी नंबर आणि 80जी चा, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते त्याचा, नंबर दोन्ही होते, हे एकदम व्यवस्थित. 80जी ची सूट शेतीवर जगणाऱ्याला कामाची नाही कारण शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्सच नाही, आणि नोकरीवाल्यांनी नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर त्यांनाही मिळत नाही. जुन्या पद्धतीत असाल तर पॅन नंबर द्या, संस्थेकडून नंतर 10बीई नावाचं प्रमाणपत्र येते, ते लागते. रोख 2000 च्या वर दिले तर सूट नाही. ईमेल ज्यांच्याकडे नाही त्यांना पावती व्हॉट्सअॅपवर पाठवायची सोय करा, आमच्यातल्या बहुतेक बायकांकडे ईमेल नाही आणि पावती सगळ्यांना पाहिजे होती.

हिशोबाचं मात्र राहून राहिलं आहे. कार्यक्रम चालू असताना जमलेली रक्कम वर दिसत होती, चांगलं होतं, पण किती खर्च झाला आणि संस्थेला निव्वळ किती गेले हे मी हे लिहीपर्यंत कुठे टाकलेलं दिसलं नाही. आमच्या गावात मंडळ नाटक ठेवते तेव्हा कंपनीला किती दिले, मंडपाला किती, लाइटला किती, उरले किती, हे गावापुढे सांगावं लागते, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी वर्गणी देत नाही. गाडगेबाबा तर आपल्याच विदर्भाचे, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, कीर्तन करत फिरले आणि लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या, स्वतःसाठी फुटकं गाडगं आणि चिंध्याच ठेवल्या. लोकांनी का दिलं? तर पैसा कुठे गेला ते समोर दिसत होतं. मी संस्थेला ईमेल केला आहे, त्यांचं उत्तर आलं की ऑडिट झाल्यावर आकडे टाकू. टाकले की इथेच खाली लिहीन.

ज्यांना साडेतीन तास शक्य नाही त्यांनी पहिला अर्धा तास सोडा, अभंगापासून धरा, मधला पिपेवाल्या पोरांचा भाग आणि मुलींचं रॅप सोडू नका, शेवटची भैरवी ठीक आहे.

आयोजकांनी हे वाचलं तर एवढंच करा. पुढचा कार्यक्रम डिसेंबरात ठेवा, मिरचीच्या गाड्या निघायच्या आधी, तेव्हा माणसं गावात असतात आणि लेकरांची सोय लावता येते. आणि दोन-तीन मिनिटांचा एक व्हिडिओ मराठीत करून पाठवा, 1098 चा नंबर मोठ्या अक्षरात आणि मागे त्या पोरांचे पिपे वाजत असलेला. तेव्हा आमच्याकडे नाटकांचा सीझन असते, दोन अंकांच्या मध्ये पडदा पडला की हजार-दीड हजार माणूस बसलेलंच असते, मी मंडळाच्या लोकांशी बोलली आहे, ते लावायला तयार आहेत.